पहाटे पाचची प्रीती

सलाम सर कुत्र्यालाही सलाम करायचे. चोपड्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक लंगडा कुत्रा पथारी पसरून असे. सरांची सायकल तिथे आली की उजवा हात कपाळाशी जायचा, "सलाम, भाऊसाहेब." मग नळावरच्या बायकांना सलाम, केळीच्या ट्रकवाल्याला सलाम, पोस्टमनला सलाम, आणि शेवटी ड्रिलच्या तासाला रांगेत उभ्या असलेल्या आम्हा पोरींना. "सलाम, मुलींनो. चला, पळा. पळून जाऊ नका, फक्त पळा."

त्यांचं खरं नाव शाळेच्या मस्टरबाहेर कोणी घेतल्याचं मला आठवत नाही. सर ख्रिस्ती होते. घराणं मूळचं साक्रीकडचं. जुन्या मराठी ख्रिस्ती घरांत माणसं भेटली की एकमेकांना सलामच म्हणतात. ही त्यांची आजोबापणजोबांपासूनची रीत. गावात नवा आलेला माणूस मात्र हमखास फसायचा आणि ईदला सरांकडे जादा शिरखुर्मा पोचता करायचा. सर तो नाकारत नसत. "चूक त्यांची, शिरखुर्मा माझा," म्हणायचे. युसूफचाचा सुतार त्यांच्या सलामाला अगदी सावकाश, पूर्ण "वालेकुम अस्सलाम" असं उत्तर द्यायचे. त्यावर सर म्हणायचे, "चाचा, माझा छोटा शे, तुमचा मोठा शे. पण पोचतो एकाच घरी."

वर्गात त्यांची मराठी पुस्तकासारखी स्वच्छ. जीव लागला की अहिराणी, मग 'आहे'चं 'शे' व्हायचं. मी ड्रिलच्या तासाला चक्कर येऊन पडण्यात तरबेज होते. एकदा अशीच, हात कपाळावर ठेवून, डौलात कोसळले. मैत्रिणी किंचाळल्या. सर आले, माझ्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "फार छान. फक्त डोळे मिटायच्या आधी जागा साफ शे का ते बघत जाऊ नको. खरी माणसं चिखलातबी पडतात." आयुष्यात माझ्या अभिनयाची इतकी बारीक समीक्षा पुन्हा कोणी केली नाही.

आणखी एक खोड होती. सर सायकलवर प्रार्थना करायचे. डोळे उघडे, ओठ हलते. कोणाकोणाची नावं देवाच्या कानावर घालत ते बाजारातून जायचे. थंडीत सातपुड्यावरून धुकं उतरलेलं असलं की सायकल दिसायची नाही, नुसती नावं ऐकू यायची. धुकंच हजेरी घेतंय असं वाटायचं. एका निवडणुकीत मी विचारलं, "सर, दोघांपैकी कोणासाठी?" म्हणाले, "दोघांसाठी. दोघांना सुबुद्धी मिळो. एकाला जरा जास्त." "कोणाला?" "ते देवाला माहीत शे. तुले कसाले पाहिजे?"

सर निवृत्त झाले, मी चाळिशी ओलांडली आणि गावाची हवा पालटली. माणसं तीच होती, पण प्रत्येकाच्या हातात मोबाइल आणि मोबाइलमध्ये कोणीतरी सारखं ओरडत असलेलं. गेल्या मोठ्या निवडणुकीच्या दिवसांत तर चहाच्या टपऱ्यासुद्धा वाटल्या गेल्या. ही यांची, ती त्यांची. माझा भाचा भूषण यांच्या टपरीवर. बावीस वर्षांचा, उंचापुरा, पोलीस भरतीची तयारी करणारा. सकाळी थोडं पळायचं आणि दिवसभर चिडायचं, असा त्याचा कार्यक्रम होता.

एका दुपारी सर तिथून सायकलवर चालले होते. "सलाम, मंडळी." भूषणचा एक मित्र आडवा आला. "इथं सलाम चालणार नाही, बाबा. रामराम म्हणा." सर उतरले. "रामराम," म्हणाले मनापासून. मग हात पुन्हा कपाळाशी गेला. "आणि सलाम. दोन्ही घ्या ना, एकावर कसाले भागवता?" कोणीतरी हसलं. त्या हसण्याने भूषण पेटला आणि त्याने सरांच्या कानाखाली लगावली.

चष्मा उडाला, सर धुळीत बसले. टपरीवाला धावत आला. "आरे, काय करी राह्यना? सर मुसलमान नहीत, ख्रिश्चन शेतस!"

सर चष्मा चाचपडत होते. तो सापडला, डोळ्यांवर चढवला आणि पुस्तकातल्या मराठीत, एकेक शब्द सुटा करून त्यांनी विचारलं, "म्हणजे मी मुसलमान असतो, तर हे चाललं असतं?"

 हे मला टपरीवाल्यानेच संध्याकाळी सांगितलं. तोवर अर्धं गाव सरांच्या दारात होतं. तक्रार करा, आम्ही साक्ष देतो. माझ्या भावाचा चेहरा पिठासारखा झाला होता. भरतीचा फॉर्म भरलेला. एक गुन्हा नोंदला की पोराची पोलिसाची नोकरी कायमची गेली. "अक्का, तू त्यांची विद्यार्थिनी. तूच जा," म्हणाला. दुसऱ्या दिवशी मी केळीच्या वेफर्सचा डबा घेऊन गेले. अशा प्रसंगी काय न्यायचं असतं, हे कोणी शिकवलेलं नसतं.

सरांचा गाल सुजला होता. मी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, "तक्रार केली मी."

मी वेफर्सचा डबा तसाच पुढे केला.

"कुठे?"

त्यांनी छताकडे बोट दाखवलं. "पण तिथला कारभार उलटा शे. तक्रार घेतली नाही, मलाच कामाला लावलं. भूषणला सांग, उद्या पहाटे पाचला मैदानावर ये."

"सर, तुम्हाला राग नाही आला?"

"आला म्हणजे? काल मनातल्या मनात त्याला मैदानाला चाळीस फेऱ्या मारायला लावल्या. पाणीसुद्धा दिलं नाही." वेफर तोंडात टाकून त्यांनी सुजल्या गालाने हळूहळू चावला. "आमच्या शास्त्रात लिहिलंय, वैऱ्यावर प्रीती करा. तुम्ही पोरी प्रीती म्हटलं की लाजायच्या. ते लाजण्यासारखं काही नाही गं. मला तो पोरगा अजून आवडत नाही. प्रीती ही ड्रिलसारखी शे. आवडो नाहीतर न आवडो, पहाटे उठावं लागतं."

भूषण गेला तो बापाच्या धाकाने. मीही गेले, मजा बघायला. खोटं कशाला बोलू? मैदानावर धुकं होतं आणि त्यातून शिट्टी आली. सर स्वेटर घालून उभे होते, गळ्यात जुनं स्टॉपवॉच. शेजारी युसूफचाचांचा नातू समीर, तोही भरतीचाच उमेदवार. भूषण मान खाली घालून उभा राहिला.

"हात वर कर," सर म्हणाले. भूषण दचकला. "परवाचा हात. हां. परवा तू मारलंस तेव्हाच मला दिसलं. खांदा आखडलेला शे. तुझा हात छातीवरून आडवा जातो. पळतानाही तसाच जात असेल. म्हणून हजार मीटरनंतर दम तुटतो. बरोबर?"

भूषणने आ वासला. बरोबर होतं.

"मारतानाबी चूक, पळतानाबी चूक. आता समीरच्या मागे पळ. चिडून पळ, चालेल. पण त्याच्या मागे पळ."

वर्षभर ते चाललं. पहिले काही महिने दोन पोरं एकमेकांशी बोललीही नाहीत. सोळाशे मीटर मुकाट्याने एकमेकांचा श्वास ऐकत पळायची. पुढे पावसाळ्यात एकदा भूषणचा पाय मुरगळला, तेव्हा समीरने त्याला खांद्यावर टाकून आणलं आणि वाटेत इतक्या शिव्या दिल्या की मैत्री पक्की झाली, असं सरांचं निदान. मला मात्र आठवतं ते वेगळं. धुक्यातून दोन पोरं यायची, पुन्हा धुक्यात जायची, आणि मध्ये एक म्हातारा हळू आवाजात सेकंद मोजत असायचा. कधी कधी वाटतं, हे मी पाहिलं की झोपेत रचलं? पण दोघंही भरती झाले, एवढं तर कागदावर आहे.

माफी मात्र भूषणने मागितली नाही. पेढे दिले, पाया पडला, तो शब्द काही तोंडातून निघाला नाही. आमच्या घरातल्या पुरुषांना तो शब्द आजोबांपासूनच येत नाही. सरांनीही कधी विचारला नाही. मग सरांचा विसराळूपणा वाढत गेला, आणि एका उन्हाळ्यात त्यांची मुलगी येऊन त्यांना धुळ्याला घेऊन गेली. जाताना त्यांनी गाडीच्या खिडकीतून अख्ख्या गल्लीला हात केला, पण मला ओळखलं नसावं.

गेल्या महिन्यात भूषण रजेवर आला आणि म्हणाला, "आत्या, मला धुळ्याला जायचंय. तू चल. एकट्याने जमणार नाही." 

सर गॅलरीत बसले होते, समोर चहा आणि बिस्किटांचा पुडा. भूषण खाली फरशीवर बसला.  मग एकदम म्हणाला, "सर, मी तुम्हाला मारलं होतं. मला माफ करा."

सरांनी त्याच्याकडे कौतुकाने पाहिलं. "माले? कधी?"

मग भूषणला सगळं सांगावं लागलं. टपरी, सलाम, थप्पड, धुळीतला चष्मा. सर हनुवटीखाली हात घेऊन ऐकत होते, दुसऱ्याच कुठल्या गावची गोष्ट ऐकावी तसे. चष्मा धुळीत पडल्यावर तर च्‌च्‌ केलं.

"मंग? त्या मास्तरनं काय केलं?"

"मला पळायला शिकवलं. वर्षभर. पहाटे पाचला."

"राग नही उना त्याले?"

"आला होता, सर," भूषण म्हणाला. त्याला रडू फुटलं. "तरी रोज यायचा."

सर विचारात पडले. खाली रस्त्यावरून कुणाची तरी रिक्षा गेली. त्यांनी वाकून त्या अनोळखी, उंचापुऱ्या, रडणाऱ्या माणसाच्या डोक्यावर हात ठेवला.

"रडू नको, भो. मंग त्यानी तुले कधीच माफ करी टाकेल शे," ते म्हणाले आणि बिस्किटांचा पुडा त्याच्याकडे सरकवला.