आधी घंटा, मग वर्ग

आदरणीय मेहरुन्निसा शेख बाई पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या, हे या गौरवग्रंथाच्या निमित्तानं कळलं, तेव्हा आधी मला रागच आला. बाईंचंही वय वाढतं, हे आमच्या शाळेत कोणाच्या डोक्यातच नव्हतं.

वाळूजजवळच्या आमच्या प्राथमिक शाळेत त्या मुख्याध्यापिका होत्या. वडिलांच्या आजारपणामुळे मी शिक्षिका म्हणून आठ दिवस उशिरा रुजू झाले. शहरातल्या औरंगपुऱ्यातून निघाल्यापासून रस्ताभर सबबी घोकत होते. बाईंनी काहीच विचारलं नाही. लिंबाला घंटा म्हणून टांगलेल्या रेल्वेच्या रुळाच्या तुकड्याकडे बोट दाखवलं आणि माझ्या हातात हातोडी दिली. मी घंटा वाजवली, पोरं हसली. मला वाटलं, ही शिक्षाच.

ती शिक्षा नव्हती. गैरहजर राहून परतलेल्या मुलानं सकाळची घंटा वाजवायची, हा बाईंचा दंडक होता. त्या दिवशी त्याला कारण विचारायचं नाही. आधी घंटा, मग वर्ग. घरची चौकशी बाई संध्याकाळी स्वतः जाऊन करत.

मला हे नसते लाड वाटले. मी नवी होते, अंगात उत्साह मावत नव्हता. वर्गात तक्ता लावला : रोज येणाऱ्याला चांदणी, महिनाअखेरीस रंगपेटी. बाईंनी अडवलं नाही. तिसरीतली जनी धनगरवस्तीवरची. आई मजुरीला गेली की शेळ्या तिच्या गळ्यात पडत. चार दिवसांनी ती आली, तर पोरांनी तक्त्यावरच्या तिच्या रिकाम्या चौकटी तिला दाखवल्या. घंटेला हात न लावताच जनी दप्तर उचलून गेली, ती गेलीच.

दोन आठवडे मी मुकाट्यानं तिची गैरहजेरी मांडत राहिले. बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. एका संध्याकाळी त्या मला वस्तीवर घेऊन गेल्या. जनीची आई म्हणाली, “पोरगी म्हणती, माझ्या नावापुढं कायबी नाय. आता काहून जायचं?”

मला मान वर करवेना. बाई जनीसमोर उकिडव्या बसल्या. लहानांनाही त्या ‘तुम्ही’च म्हणत.

“जनाबाई, तुमची घंटा राहिलीय.”

“अन् शेळ्या?”

“त्याबी आणा. लिंब आहे की आपला.”

दुसऱ्या दिवशी जनीनं दोन शेळ्या लिंबाला बांधल्या आणि घंटा अशी बडवली, की कंपनीच्या बसमधले कामगार खिडकीतून वाकून बघू लागले. तक्ता मी त्याच दुपारी उतरवला. तो शेळीनं खाल्ला, असं बाई चारचौघांत सांगतात. ते साफ खोटं आहे, पण मी कधी खोडलं नाही. जनी चौथी पास होऊनच शाळेतून गेली.

वर्तनाचे धडे बाईंनी कधी दिले नाहीत. नळावर दोन पोरं हमरीतुमरीवर आली, तेव्हा त्यांनी खुर्ची टाकून फर्मावलं, की भांडा, पण ‘अहो’ म्हणून भांडा. तिसऱ्या वाक्याला दोघंही खो खो हसत सुटली.

माझे यजमान दवाखान्यात होते, तेव्हा महिनाभर बाईंनी स्वतःचं काम सांभाळून माझा वर्ग घेतला. मी परतले त्या सकाळी हातोडी माझ्या टेबलावर होती. घंटा वाजवताना मला रडू फुटलं. बाईंनी सगळ्या शाळेला पाठ फिरवून उभं केलं.

निवृत्तीनंतर त्या लेकीकडे नागपूरला गेल्या. आज त्यांच्या खुर्चीवर मी बसते, आणि खरं सांगते, ती मला मोठी होते. शाळेत विजेची घंटा आली, पण परतलेल्या पोरांसाठी तो रूळ मी काढू दिला नाही. रोज सकाळी फाटकाकडे बघायची मला खोडच लागली आहे. बाई फोनवर म्हणतात, गुडघे बरे झाले की येते. त्यालाही आता बरीच वर्षं झाली. फार आठवण येते हो.

बाई, आपणांस निरोगी आणि भरपूर आयुष्य लाभो, ही आम्हा सर्वांची प्रार्थना. माझं मागणं मात्र स्वार्थी आहे. तुमची गैरहजेरी फार झाली. हातोडी टेबलावर काढून ठेवली आहे. तुम्ही या. इतके दिवस का आला नाहीत, असं इथं कोणी विचारणार नाही.