शांत माणसाची साक्ष

"आधी सोडा," सर म्हणायचे आणि उजवा तळहात टेबलावर पालथा ठेवायचे. सोडायचा तो श्वास. त्यांचं म्हणणं असं की, माणूस घाबरला किंवा चिडला की नुसता आत ओढत राहतो, बाहेर सोडायचं विसरतो. "आधी सोडा, मग घ्या, मग बोला." शाळेत काहीही होवो, ही तीन वाक्यं ठरलेली. पत्रे उडाले तरी, परीक्षेच्या दिवशी पेपरांचा गठ्ठाच आला नाही तरी.

ते आमचे मुख्याध्यापक. लोहारा तालुक्यातल्या एका गावात आमची खासगी संस्थेची शाळा, आणि मी तिथं गणित शिकवायची. असा माणूस तुम्हीही कुठल्यातरी कचेरीत, गल्लीत पाहिला असेल. त्याच्या नुसत्या असण्यानं खोलीतला आवाज खाली येतो. आपण त्याला भला माणूस म्हणतो आणि पुढं विचार करत नाही.

सरांचं घराणं मेंढपाळांचं. लहानपणी वडिलांच्या मागं रानोमाळ हिंडलेले. कॉलेजात संस्कृत घेतलं, त्यात योगशास्त्र हाती लागलं आणि ते त्यांनी धरूनच ठेवलं. आसनांची त्यांना फारशी आवड नव्हती. गुडघा दुखतो म्हणून धड मांडीही घालायचे नाहीत. "अंग वाकवायला शाळेची पोरं हायत. आपल्याला मन वळवायचंय," म्हणायचे. मनाबद्दल बोलायला लागले की मेंढरं यायचीच. "एक बिथरलं की सगळा कळप बिथरतो, बाई. माझे वडील बिथरलेल्या मेंढराच्या मागं कधी धावायचे नाहीत. जागेवर उभे राहून बघायचे. मग ते आपसूक यायचं. रागाचं तसंच हाय. नुसतं बघा."

मी हे मनापासून शिकले. शिकण्याचं कारण सांगायला आजही लाज वाटते. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, घरात दोन लहान मुलं. तो सगळा ताप मी वर्गात काढायची. एके दिवशी सहावीतल्या एका मुलीला डस्टर फेकून मारलं. भुवई सुजली तिची. सरांनी मला बोलावलं. मला वाटलं, आता नोटीस. त्यांनी चहा मागवला आणि विचारलं, "बाई, रागाच्या वेळी आधी हात उठतो का आधी छाती भरते? पुढच्या वेळी एवढंच बघून मला सांगा." मी बघितलं. आधी छाती भरायची. महिना-दीड महिन्यात ती भरायच्या आतच मला कळायला लागलं. त्यानंतर मी कुठल्याही मुलावर हात उचलला नाही. घरीही नाही. हे उपकार खरे आहेत, आणि पुढचं सगळं सांगताना ते मी विसरलेली नाही.

मधल्या सुट्टीत सर योगशास्त्रातले मनाचे चार कप्पे समजावून सांगायचे. सुखी माणूस भेटला की मैत्री, दुःखी भेटला की करुणा, चांगलं काम करणारा भेटला की आनंद, आणि वाईट वागणारा भेटला की उपेक्षा. भेटेल तो माणूस योग्य कप्प्यात ठेवायचा, की मन ढवळत नाही. शेजारच्या शाळेच्या मुख्याध्यापकाला पुरस्कार मिळाला, तेव्हा आम्ही सगळे कुजबुजत असताना सर पेढे घेऊन त्याच्या घरी जाऊन आले. आमच्या शिपायानं एकदा विचारलं, "सर, बायकू शिव्या देती तवा कंचा कप्पा?"

"तिथं मैत्री."

"पर ती सुखी न्हाय की!"

"मग करुणा. पण तिला सांगू नको," सर म्हणाले, आणि सगळी खोली हसली.

चौथ्या कप्प्यात एकच माणूस कायमचा होता, आमच्या संस्थेचे अध्यक्ष. ते आले की कुणाचाही अपमान करून जायचे. सर ऐकून घ्यायचे, श्वास सोडायचे आणि हजेरीपट पुढं ओढायचे. आम्हाला ते फार मोठं वाटायचं.

शाळेची खिचडी सोजरमावशी करायच्या. एकट्या बाई, नवरा लवकर गेलेला. पोरांना ताटं भरभरून वाढायच्या आणि कोण उपाशी आलंय हे आमच्याआधी ओळखायच्या. तांदूळ सरकारी यायचा, डाळ-तेल मात्र अध्यक्षांच्या मेहुण्याच्या दुकानातून. एका दुपारी मी सरांच्या खोलीत वेळापत्रक करत बसले होते, तेव्हा मावशी ओंजळीत डाळ घेऊन आल्या.

"सर, ही बगा. आळ्या निवडून काडीन म्या, पर वास कसा काडू?"

सरांनी डाळ नाकाला लावली. मीही लावली. कुबट वास होता, ओल्या पोत्यासारखा. सरांनी आमच्यासमोरच अध्यक्षांना फोन केला. पलीकडचा आवाज मला टेबलाच्या या बाजूला ऐकू येत होता. दुकान बदलायचं असेल तर मुख्याध्यापकही बदलू, असं काहीतरी. सरांनी फोन ठेवला, तळहात टेबलावर ठेवला, श्वास सोडला.

"मावशी, निवडून, चांगली धुऊन घ्या. मन अस्वस्थ करून घेऊ नका."

मावशी गेल्यावर माझ्याकडं बघून हसले. "चौथा कप्पा, बाई." मीही हसले.

पुढच्या आठवड्यात पोरं आजारी पडली. जेवण झाल्यावर तासाभरात पाचवीतलं एक पोर वर्गातच ओकलं, मग दुसरं, मग रांगच. त्या दिवशीचे सर मी कधी विसरणार नाही. आम्ही बाया रडत होतो, पालक दगड घेऊन यायच्या बेतात होते, आणि हा माणूस अंगणात उभा राहून एकेका पोराचं नाव घेत होता. कोण जीपमध्ये, कोण टेम्पोत, कुणाला कुशीवर झोपवायचं. आवाज चढला नाही. संध्याकाळी दवाखान्यातलं शेवटचं पोर उठून बसलं आणि पाणी मागायला लागलं, तोवर ते खाटांमधून फिरत होते. त्यांची ती शांतता नसती तर एखादं पोर गेलं असतं. हे मी आजही शपथेवर सांगेन.

शपथेवर सांगायची वेळ तीन दिवसांनी आली होती. तेव्हा मात्र मी हे असलं काही सांगितलं नाही.

चौकशीला दोन अधिकारी आले. सरांच्या खुर्चीवर अध्यक्ष बसले होते, सर बाजूच्या स्टुलावर. मावशी दाराशी उभ्या, मी खिडकीशी. अधिकाऱ्यांनी विचारलं, "डाळ-तेलाबद्दल आधी काही तक्रार होती का?"

सरांनी तळहात मांडीवर पालथा ठेवला. श्वास सोडला. मग म्हणाले, "माझ्याकडं आली नव्हती. शिजवताना काही हयगय झाली असावी."

तोच आवाज. अंगणात पोरांची नावं घेणारा, मला राग बघायला शिकवणारा. एका अक्षराचाही चढउतार नाही.

मग माझ्याकडं वळून सरांनीच विचारलं, "बाई, तुमच्यासमोर कधी आली होती?"

माझी छाती भरली. मला ते कळलं. इतक्या वर्षांच्या सवयीनं मी आधी श्वास सोडला. काळजाची धडधड खाली आली, तळव्यांचा घाम थांबला. आणि मी म्हणाले, "नाही."

माझा आवाजही कापला नाही.

"सर, म्या डाळ आणली न्हवती व्हय?" मावशी दारातून ओरडल्या. "बाई, तुमी हुता की! तुमी बी वास घेतला."

"मावशी, शांत व्हा," सर म्हणाले.

"शांत? पोरं वकली ती माजी हुती. म्या शांत कशी हू?"

मावशींना दुसऱ्याच दिवशी काढून टाकलं. गावात कुणी त्यांना दारात उभं करेना. ज्यांच्या पोरांना त्यांनी वाढलं, त्या बायाच पाणवठ्यावर त्यांच्यापासून लांब उभ्या राहायला लागल्या. महिन्याभरात घराला कुलूप लावून त्या तुळजापूरला गेल्या. तिथल्या एका लॉजमध्ये चादरी धुण्याचं काम मिळालं म्हणे.

मी सरांना एकदाच विचारलं. शाळा सुटली होती, खोलीत आम्ही दोघंच.

"सर, योगशास्त्रातले यम पाच ना? दुसरा कोणता?"

"सत्य," ते म्हणाले. मग घाईनं पुढं म्हणाले, "पण पहिला अहिंसा हाय, बाई. खरं बोललो असतो तर मान्यता गेली असती, शाळा बंद पडली असती. किती घरं या शाळेवर चालतात, बघा की."

"आणि मावशीचं घर?"

श्वास सोडला त्यांनी. त्या श्वासाचा मला त्या दिवशी पहिल्यांदा संताप आला.

"सर, तुमच्यामुळं मी नाही म्हणाले."

"मी फक्त विचारलं होतं, बाई," ते हळू आवाजात म्हणाले.

हे अगदी खरं होतं. म्हणून तर मी त्यांना कधी माफ केलं नाही.

त्यानंतर सर हळूहळू बिघडत गेले. एकदा घंटा दोन मिनिटं उशिरा झाली म्हणून शिपायावर असे ओरडले की अख्खी शाळा व्हरांड्यात आली. कप्प्यांचं बोलणं बंद झालं. मुदतीआधीच त्यांनी निवृत्ती मागितली. निरोपसमारंभाच्या आदल्या दिवशी मला म्हणाले, "सकाळी ध्यानाला बसलं की नाकात तो वास येतो. सोडायला गेलो तर जास्त येतो." समारंभात अध्यक्षांनी शाल घातली आणि त्यांना शांतमूर्ती म्हणाले. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या.

चार-सहा महिन्यांनी सर माझ्या घरी आले. अंगावरचा सदरा ढगळ झाला होता. तुळजापूरला तीनदा जाऊन आलो, म्हणाले. दोनदा मावशी बोलल्याच नाहीत. तिसऱ्यांदा एवढंच म्हणाल्या, "त्वांडानं नगं. लिवून द्या."

त्यांनी पिशवीतून कागद काढला. डाळ, वास, फोन, सगळं तारीखवार लिहिलं होतं. खाली त्यांची सही. शेजारी साक्षीदार म्हणून माझं नाव, आणि त्यापुढं मोकळी जागा.

"एकट्याचं कोण ऐकणार, बाई? निवृत्त माणूस, भांडून गेला म्हणतील. तुमची सही असली तर..."

आतल्या खोलीत माझी मुलगी अभ्यास करत होती. माझी नोकरी अजून बरीच वर्षं होती, आणि अध्यक्ष तेच होते. मी कागद पुन्हा पुन्हा वाचला. त्यांनी चहाला हातही लावला नव्हता. आणि मी जे बोलले ते अगदी त्यांच्याच सुरात बोलले, शांत, समजुतीच्या.

"सर, झालं ते झालं. आता मनाला त्रास करून घेऊ नका."

ते माझ्याकडं बघत राहिले. रागानं नव्हे. आपलीच वही दुसऱ्याच्या हातात दिसावी तसे. मग कागदाची घडी घातली, गार झालेला चहा एका घोटात प्याले आणि "येतो," म्हणून उठले. दारापर्यंत सोडायलाही मी गेले नाही.

पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. पहाटे बसले होते, बसल्या जागी कलंडले. जमलेले लोक म्हणत होते, योग्याचं मरण आलं. त्यांच्या बायकोनं ते ऐकलं आणि त्या माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "कसला योगी, बाई? वरीसभर डोळ्याला डोळा न्हवता माणसाच्या."

त्यानंतर कितीतरी दिवसांनी, नणंदेची ओटी भरायला म्हणून तुळजापूरला जाणं झालं. मी मुद्दाम विचारत विचारत त्या लॉजच्या मागच्या अंगणात गेले. मावशी ओल्या चादरी पिळत होत्या. मला बघून त्या ना हसल्या ना चिडल्या. हात पुसले, आत गेल्या आणि एका प्लॅस्टिकच्या पिशवीतून कागद घेऊन आल्या.

"सर देऊन गेलं हुतं. वरच्या कचेरीत बी दिला म्हनलं. तितनं काय आलं न्हाय." त्यांनी तो माझ्यापुढं धरला. "मला वाचता येत न्हाय. हितल्या कुनाला दावायला मन हुईना. तुमी वाचा."

सरांचं ते नेटकं अक्षर. पण हा कागद माझ्या घरी आणलेला नव्हता, नव्यानं लिहिला होता. वर कचेरीचा शिक्का, खाली एकच सही. मी मोठ्यानं वाचायला लागले. सोजरबाईंनी डाळ खराब असल्याचं मला दाखवलं होतं. मी स्वतः वास घेतला होता. मी चौकशीत खोटं बोललो. सोजरबाईंचा काहीही दोष नाही. मावशी मान हलवत ऐकत होत्या. डोळे भरले होते त्यांचे.

पुढची ओळ मी आधी डोळ्यांनी वाचली आणि थांबले.

"वाचा की."

मी वाचलं. "त्या वेळी खोलीत आम्हा दोघांशिवाय दुसरं कोणीही नव्हतं."

मावशींनी माझ्याकडं बघितलं. मग कागद माझ्या हातातून काढून घेतला.

"आसं लिवलंय व्हय," त्या म्हणाल्या. "जाता जाता तुमाला बी वाचवलं म्हना त्येनी."

त्यांनी कागद पिशवीत घातला, पिशवीचं तोंड गाठ मारून बांधलं, आणि बादलीतली पुढची चादर उचलली. चादरीचं दुसरं टोक धरायला मी हात पुढं केला. त्यांनी ते दिलं नाही. एक टोक खांबाला अडकवलं आणि एकट्याच पिळत राहिल्या.