महालक्ष्म्यांचे स्टोअरकीपर

माझ्या थोरल्या साडूंनी देवाधर्माचा जेवढा मुलूख सांभाळला, तेवढा कोण्या पीठाधीशानेही सांभाळला नसेल. आणि तोही औरंगपुऱ्यातल्या घरी, बंगईवर झोके घेत. भाद्रपद लागला, की कॅनडापासून जर्मनीपर्यंत पांगलेल्या आमच्या गोतावळ्यातल्या लेकीसुनांचे फोन सुरू होत. महालक्ष्म्या प्रत्येकीला बसवायच्या असत आणि सामान कुठेच मिळत नसे. साडू चितेगावच्या एका कारखान्यात आयुष्यभर स्टोअरकीपर होते. मागितलेला नग शिल्लक नसेल तर त्याच्या जवळचा दुसरा द्यावा, पण मशीन बंद पडू देऊ नये, हा तिथला शिरस्ता त्यांनी जसाच्या तसा धर्माला लावला. आंब्याची पाने नाहीत? मेपलची लावा. हरभऱ्याची डाळ नाही? वाटाण्याच्या डाळीचे पुरण करा. धुपाने इमारतीचा भोंगा वाजून अग्निशामक दल दारात आले, अशी तक्रार एका भाचीने जर्मनीहून केली, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "पेटवू नको, नुसता दाखव. देवीला कळतं." कचेरीच्या वारांमुळे आवाहन त्यांनी बिनदिक्कत शनिवारावर नेले. जेवायला सवाष्ण मिळेना म्हणून रडकुंडीला आलेल्या टेक्सासच्या पुतणीने, शेजारी एक मेक्सिकन बाई आहे, असे भीतभीत सांगितले. "नवरा हाय ना तिला? मग झाली की सवाष्ण! पुरण लई वाढू नको, सवय नसंल." मी मनातल्या मनात हसत असे. आज वाटते, मला शास्त्राची काळजी त्यांच्यापेक्षा अधिक होती आणि माणसांची कमी.

गेल्या वर्षी त्यांच्या स्वतःच्या सुनेचा टोरांटोहून फोन आला. ताई, म्हणजे माझ्या पत्नीची थोरली बहीण, गेल्यावरही साडू घरचे पितळी मुखवटे स्वतः बसवत. साड्या नेसवायला शेजारणी येत. सून म्हणाली, "बाबा, मुखवटे इकडं पाठवता का? मी बसवते." साऱ्या जगाला एका दमात उत्तर देणारे साडू "बघतो" एवढेच म्हणाले आणि माझ्याकडे येऊन बसले.

"काय हो साडू, मुखवट्यांना पर्याय काय द्यावा?" त्यांनी मला विचारले.

"तिला नवे घेऊन पाठवा की. गुलमंडीत मिळतात."

"नवे घेतले तर घरं दोन झाली. आमची महालक्ष्मी एकाच चुलीवर जेवती." मग बशीत चहा ओतता ओतता म्हणाले, "आन् चूल तर तिकडंच पेटती. हितं मी डबा आणून खातो."

ताईंच्या पैठणीत गुंडाळलेले मुखवटे एका ओळखीच्या प्रवाशाबरोबर गेले.

आवाहनाच्या दिवशी तिन्हीसांजेला साडूंनी मला बोलावले आणि फोन समोर उभा करून व्हिडिओ कॉल लावला. टोरांटोत तेव्हा सकाळ होती. सून मुखवटे घेऊन उंबऱ्याशी उभी होती. आतून विचारायचे प्रश्न साडूंच्या मुलाला ठाऊक नव्हते. ते साडूंनीच फोनवरून विचारले.

"कोण आलं?"

"महालक्ष्मी आली."

"कशाच्या पावलानं?"

"सोन्याच्या पावलानं."

रीतीप्रमाणे ती देवीला घर दाखवत निघाली, मागून मुलगा फोन घेऊन. साडूंनी ते घर कधी पाहिले नव्हते. प्रत्येक दाराशी ते विचारत, "हितं काय हाय?" ती म्हणे, "उदंड धान्य." "उदंड दूधदुभतं." शेवटच्या खोलीत एक पलंग होता, त्यावर कोरी चादर.

"हितं काय हाय?"

"इथं तुम्ही, बाबा."

साडूंचे हात जोडलेलेच राहिले. मग त्यांनी विचारले, "खिडकी कुठल्या अंगाला हाय?"

"पूर्वेला."

"पडदा सरकव बरं जरा."

तिने पडदा सरकवला, तसे पलंगावर ऊन आले. आमच्याकडे दिवेलागण झाली होती. साडू दिवा न लावता त्या उन्हाकडे पाहत राहिले.