बुधवारी येणारी फिट

"मॅडम, दाखला लिहून ठेवलाय. तुमी फक्त आईबापाला समजावून सांगा," हेडमास्तर म्हणाले.

शाळा सोडल्याचा तो दाखला सुनीताचा होता. सातवीतली, सेनगावकडच्या एका तांड्यावरची पोरगी. तिला वर्गात फिट यायची. मी तेव्हा फिरती विशेष शिक्षिका होते. म्हणजे माझी अशी एक शाळा नव्हती. ज्या लेकरांना शिकायला काही अडचण आहे, त्यांच्यासाठी एसटीनं शाळा-शाळा हिंडायचं. सुनीताचं नाव कटलं की ती घरच्यांबरोबर ऊसतोडीला जाणार, हे मला दिसत होतं. फिट येणाऱ्या पोरीच्या हातात कोयता.

"काढता कशापायी?" मी विचारलं.

"नाटक करून राहिली ती. फिट बराबर बुधवारीच येते. अन् बुधवारी गणिताची चाचणी असते. आता बोला."

माझं डोकंच फिरलं. "सर, नाटक करणारं लेकरू स्वतःची जीभ चावून रक्त काढत नसतं. दिवाळीपर्यंत तो दाखला खणात राहू द्या."

ते 'बरं' म्हणाले, पण तोंड कडू करून.

बुधवारचं मात्र खरं होतं. वर्गातल्या पोरीही तेच सांगत होत्या. सुनीताला हिंगोलीच्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या, सकाळ-संध्याकाळ. फिट थांबेना म्हणून डोस वाढवला, तर पोरगी वर्गात पेंगायला लागली. मी डॉक्टरांना गाठलं. ते म्हणाले, "ही गोळी रोजच्या रोज पोटात गेली पाहिजे. एक दिवस चुकली की दुसऱ्या दिवशी फिट येऊ शकते. घरी नीट विचारा."

तांड्यावर जाऊन विचारलं. "न्हाई बाई, गोळी कधीच चुकवत न्हाई," तिची याडी, म्हणजे आई, म्हणाली. बाई खोटं बोलणारी वाटत नव्हती. मग म्हटलं, बुधवारच्या आदल्या दिवशीच जाऊन बघू.

मंगळवारी गेले, तर चुलीवर भगर शिजत होती.

"देवीचा उपास हाय. पोरीची फिट जाऊ दे म्हणून आमी मायलेकी दोघी धरतो."

"मग आजची गोळी?"

"उपासाला गोळी कशी चालंल? तिच्यात काय टाकलेलं असतं कुणाला ठावं."

"अगं माय, परवा तर म्हणालीस कधी चुकवत नाही."

"चुकवत कुठं हाय? उपास हाय ना."

मी कपाळावर हात मारून घेतला. पण खरं सांगते, आतून इतका आनंद झाला की त्या माउलीला मिठी मारावीशी वाटली. उपास सोड म्हणाले असते तर तिनं मला परत दारात उभं केलं नसतं. म्हणून विचारलं, "देवीपुढं ठेवलेला परसाद उपासाला चालतो का?"

"चालतो की."

"मग गोळी आधी देवीपुढं ठेव, अन् परसाद म्हणून दे."

तिनं गोळ्यांचं पाकीट उचलून देव्हाऱ्यात ठेवलं. "परसादाला न्हाई म्हणता येत न्हाई," ती म्हणाली. गोळ्यांच्या पाकिटाला कुंकू लागलं.

दुसऱ्या दिवशी चाचणीला मी वर्गात मागं बसले. हेडमास्तरही आले, खिशात कांदा घेऊन. फिट आली की हुंगवायला. सुनीतानं गणितं सोडवली, पाटी-दप्तर आवरलं आणि घरी गेली. पुढचा बुधवारही तसाच गेला, त्याच्या पुढचाही. डॉक्टरांनी डोस उतरवला, पेंगणं गेलं. वार्षिक परीक्षेत गणितात पोरगी वर्गात पहिली आली. हेडमास्तरांनी खणातला दाखला माझ्यासमोर फाडला. कांदा मात्र परीक्षा संपेपर्यंत त्यांच्या खिशातच होता.

पुढं त्याच शाळेतून त्यांनी सुनीताचा दाखला पुन्हा लिहिला. दहावी पास होऊन ती हिंगोलीला कॉलेजात निघाली होती.

मी तेव्हापासून गोळ्या चालू असलेल्या लेकराच्या घरी 'गोळी चुकते का' असं विचारत नाही. 'उपास कोणत्या वारी?' एवढंच विचारते.