घरात माणसं किती

जनीन थेरिओने शाळेच्या स्वयंपाकघरात सव्वीस वर्षं पोरांना वाढलं. एखादं पोर पैसे विसरून आलं तरी ताट घेऊनच जायचं, आणि दुसऱ्या दिवशी जनीन ते मुख्याध्यापकांना तोंडावर सांगायची. लपवाछपवी तिला कधी जमली नाही. असल्या माणसाला सरकारी अर्ज फार छळतात.

कागदगिरणीच्या आमच्या या गावात भाडी वाढत चालली होती. जनीनचा घरमालक घर विकून फ्लोरिडाला निघाला आणि तिला जूनअखेरची मुदत मिळाली. तेवढ्यात, पाच वर्षं वाट पाहिल्यावर, सरकारी मदतीच्या घरांच्या यादीत तिचं नाव वर आलं. लोक म्हणाले, बाईचं नशीब.

कचेरीत क्रिस्टी बुशार होती. लहानपणी जनीनच्या हातची मॅकरोनी दोनदा मागून खाणारी. तिने तक्ता पुढे सरकवला. घरात एकच माणूस असेल तर वर्षाची कमाई एकतीस हजार डॉलरपर्यंत चालेल, दोन असतील तर पस्तीस. जनीनचा पगार चोवीस हजार, नवऱ्याचं, नॉर्मंडचं, पेन्शन सोळा. दोघांचं मिळून चाळीस, म्हणजे घर गेलं. नॉर्मंड अर्धांगवायूनंतर दोन वर्षं शुश्रूषागृहात होता आणि ते पेन्शन जवळजवळ सगळं तिथेच जात होतं. पण तक्त्याला त्याचं काय! आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना.

“ते आता घरी येणार नाहीत ना?” क्रिस्टीने हळूच विचारलं.

“नाही. डॉक्टरांनी लिहून दिलंय तसं.”

“मग नियम असाय, थेरिओबाई. कायमचं तिकडे गेलेलं माणूस कुटुंबात धरायचं की नाही, ते तुम्ही ठरवायचं. धरलंत तर पेन्शनही धरावं लागतं. नाही धरलंत तर तुम्ही एकट्या, आणि घर तुमचं.”

“एकटी? एक्केचाळीस वर्षं झाली माझ्या लग्नाला!”

“मला ठाऊक आहे हो. तक्ता मी नाही बनवला. सोमवारपर्यंत आणून द्या.”

शनिवारी नेहमीसारखे गूळ घालून भाजलेले घेवडे घेऊन जनीन नॉर्मंडकडे गेली. त्याची उजवी बाजू गेली होती, बोलणं अडखळायचं, पण जिभेची धार शाबूत होती. तिने सगळं सांगितलं.

“एक लिही की,” तो म्हणाला.

“तुला काय जातंय सांगायला!”

“अगं, गिरणीनं मला काढलं तेव्हा कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. तू निदान विचारतेयस.”

“थट्टा नको, नॉर्म. जित्याजागत्या माणसाला मी कागदावरून पुसून टाकू?”

“मग गाडीत झोपणारेस? आणि हे घेवडे कुठे भाजशील? इथले पाणचट असतात. माझा स्वार्थ आहे यात.”

तिने पिशवीतून अर्ज काढला. त्याने डाव्या हाताने अर्ज ओढला, पेन मागितलं आणि माणसांच्या चौकटीत एकचा आकडा काढला. तो वाकडा आला, चौकटीबाहेर गेला. जनीन रडली, अगदी आवाज काढून. त्याने तिला रडू दिलं. मग घेवड्यांत गूळ कमी पडलाय म्हणाला.

सोमवारी क्रिस्टीने अर्ज तपासला. ती त्या वाकड्या आकड्याशी जरा थांबली.

“सगळं बरोबर आहे. घर मिळेल. ही शेवटची ओळ तेवढी राहिली. अर्ज भरायला कुणी मदत केली असेल तर नाव आणि नातं. रिकामी सोडली तरी चालते, सगळे सोडतात.”

“मदत केलीय ना,” जनीन म्हणाली. तिने पेन उचललं आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं: नॉर्मंड थेरिओ. नवरा.