औषध गोड लागता कामा नये

ब्रेझिना गावात कोणाच्या हातचं काही बिघडलं, तरी ते तोंडावर कोणी सांगत नसे. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या हॉलमध्ये सगळं गाव जेवायला जमे, ज्याने त्याने आपापलं भांडं घेऊन. एकदा आयरीन झेलेन्काने सफरचंद भरून भाजलेल्या पायमध्ये साखरेऐवजी मीठ घातलं. तोही सगळा संपला. दोघींनी कृतीही विचारली. "वेगळंच लागतंय हं" एवढं जरी कोणी म्हटलं, तरी गावात महिनाभर त्याची चर्चा होई.

लव्हॉन कुचेरा याच गावची. तिने शाळेच्या स्वयंपाकघरात चौतीस वर्षं तीनशे मुलांचं जेवण रांधलं आणि धान्याच्या कोठारावर वजनकाटा सांभाळणाऱ्या एल्डनशी संसार केला. एल्डन कमी बोलणारा, पण जेवणावर मनापासून प्रेम करणारा. एकोणसाठाव्या वर्षी त्याला मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जातंतूंचा आजार झाला. आधी पाय ताठ होऊ लागले, मग हातांत पेटके यायला लागले. सूपचा चमचा तोंडापर्यंत पोचण्याआधीच भिंतीवर रिकामा होई. शेवटी लव्हॉन त्याला भरवू लागली. ती भरवायची तेव्हा तो डोळे मिटून घ्यायचा. घास तिचा, भूक त्याची, पण आपण तिथे नाहीच असं दाखवायचा त्याचा तो एकच मार्ग होता. लव्हॉनला त्या मिटलेल्या डोळ्यांचा जेवढा त्रास झाला, तेवढा आजाराचाही झाला नाही.

डॉक्टर म्हणाले, गांजापासून केलेल्या औषधाने अशा पेटक्यांना काही जणांना आराम पडतो. नदीपलीकडच्या राज्यात ते औषध रीतसर दुकानात मिळे. पुलाच्या मधोमध आलं, की त्याचा गुन्हा होई.

म्हणून लव्हॉन राजधानीला जाऊ लागली. दर फेब्रुवारीत विधिमंडळाच्या समितीपुढे औषधी गांजाचं विधेयक येई आणि सामान्य नागरिकाला बोलायला तीन मिनिटं मिळत. ती घरी अंडं उकळायला टाकून भाषणाचा सराव करायची. अंडं झालं की भाषण संपलं पाहिजे. आख्खा जानेवारी एल्डनला अर्धी कच्ची अंडी खावी लागत. अशी अकरा वर्षं गेली. बाराव्या वर्षी विधेयक मंजूर झालं, कारण सिनेटर ट्याडेन यांनी विरोध सोडला. ते डुकरं पाळणारे, देवभीरू गृहस्थ. त्यांची अट एकच होती.

"बाई, माझं म्हणणं इतकंच आहे," ते लव्हॉनला विधिमंडळाच्या पायऱ्यांवर गाठून म्हणाले. "औषधाने औषधासारखं वागावं. ते गोड लागलं, की मजा सुरू झाली. आणि मजेला माझं मत मिळायचं नाही."

"सिनेटरसाहेब, मजा कसली? माझ्या नवऱ्याला चमचा धरता येत नाही."

"मग चव कशी का असेना, त्याची काय हरकत असणार!"

असं ते कलम कायद्यात आलं. औषधाची चव समंजस माणसाला आवडेल अशी नसावी. ती तशी नाही, हे पाच समंजस नागरिकांच्या समितीने एकमताने ठरवावं. औषध बनवणाऱ्याने त्या वेळी समोर हजर राहावं, म्हणजे पाठीमागे कोणावर अन्याय नको. आणि एक जुलैपर्यंत समितीचा दाखला मिळाला नाही, तर आख्खा कायदा रद्द.

समितीत लव्हॉनचं नाव आलं. शाळेच्या जेवणाची स्वयंपाकीण म्हणजे बेचव अन्नातली तज्ज्ञ, असा कोणी तरी राजधानीत विचार केला असावा. तिला राग आला, पण तिने होकार कळवला. बाकीचे चौघे म्हणजे जनावरांचे निवृत्त डॉक्टर हार्लन ग्रोट, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी मर्लिस आणि शेजारच्या वस्तीतले दोन भाऊ, जे हार्लन जे म्हणेल ते म्हणत.

आणि परवाना मिळाला वेंडेल ओपिट्झला. राज्यात दुसऱ्या कोणी अर्जच केला नव्हता. वेंडेल लव्हॉनचा शाळेतला सोबती. सदतीस वर्षं त्याचं मिठाईचं दुकान होतं. ते बंद पडल्यापासून त्याच्या सुरेख तांब्याच्या कढया फडक्यात गुंडाळून पडल्या होत्या. चघळायच्या गोळ्या त्याच्याइतक्या नीट कोणी करणार नव्हतं. अडचण एवढीच, की त्याने जन्मात कधी वाईट गोळी केली नव्हती.

पहिली बैठक एप्रिलमध्ये ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत झाली. समितीतलं कोणी आजारी नव्हतं, त्यामुळे त्यांना कायद्याने गांजा देता येत नव्हता. गोळीत फक्त चव होती. राजधानीहून मिस प्रुइट नावाची कारकून मुलगी नोंदी घ्यायला आली होती. वयाच्या क्रमाने विचारायचं, असा नियम.

वेंडेलने मुळा, व्हिनेगर आणि लसूण घातला होता. हार्लनच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"नावडली का?" मिस प्रुइटने विचारलं.

समोर वेंडेल मांडीवर टोपी घेऊन बसला होता.

"छे, छान आहे की!" हार्लन म्हणाला. दोन्ही भाऊ म्हणाले, छान आहे. मर्लिस म्हणाली, "थंडीत बरी." आणि लव्हॉनची पाळी आली तेव्हा तिच्या तोंडून, सत्तर वर्षांच्या सवयीने, ती अडवायच्या आतच शब्द निघून गेले, "मस्त झालीय, वेंडेल."

घरी एल्डन खिडकीशी वाट बघत होता. "काय झालं?"

"नापास झालो. आम्हाला आवडली."

एल्डन खिडकीकडून तिच्याकडे वळला. मग म्हणाला, "इतकी चांगली होती?"

"एल्डन, त्या गोळीने माझा दात हलायला लागलाय."

मे महिन्यातली गोळी माशाच्या यकृताच्या तेलाची आणि करपलेल्या कांद्याची होती. हार्लनचा चेहरा राखाडी झाला. "मी तर आणखी एक घेईन," तो म्हणाला आणि म्हणून बसल्यामुळे त्याला ती घ्यावी लागली. मिस प्रुइटने नोंद केली : सदस्याने पुन्हा मागितली. मर्लिसने कृती विचारली.

बाहेर गाड्यांपाशी वेंडेलने लव्हॉनला गाठलं. "अगं, मला नावडली म्हणा ना कोणी तरी! सगळं भांडवल यात अडकलंय माझं."

"मग तू जरा बाहेर जाऊन बस ना."

"बाहेर कसा जाऊ? मी हजर पाहिजे, कायद्यात आहे. आणि खरं सांगू का लव्हॉन? हार्लनने दुसरी घेतली ना, तेव्हा मला बरं वाटलं." तो जमिनीकडे बघत म्हणाला. "लाज वाटते सांगायला. पण बरं वाटलं."

तिसरी आणि शेवटची बैठक एकोणतीस जूनला होती. त्या दिवशी सकाळी लव्हॉन एल्डनला ओटची पेज भरवत होती. त्याचे डोळे मिटलेले. तो तसाच म्हणाला, "राहू दे लव्हॉन. आपल्या लोकांना ते जमायचं नाही."

"काय जमायचं नाही?"

"वाईट म्हणणं."

तिने उरलेली पेज भरवली, भांडं धुतलं आणि ग्रंथालयात गेली.

वेंडेल दोन रात्री झोपला नव्हता. त्याने सार्डिनच्या डब्यातलं तेल, शिळी कॉफी आणि कशापासून तरी मिळवलेला ओल्या लोकरीचा वास एकत्र केला होता. गोळ्या मात्र नेहमीसारख्याच एकसारख्या, तकतकीत, पांढऱ्या कागदात दोन्ही टोकांना पिळून बांधलेल्या. सगळ्यांनी तोंडात टाकल्या. मिस प्रुइट हार्लनकडे वळली.

"थांबा," लव्हॉन म्हणाली. "आज मी आधी बोलते."

"पण वयाचा क्रम—"

"मी आज हार्लनपेक्षा म्हातारी झालेय. लिहा."

मिस प्रुइटने पेन उचललं. लव्हॉन उठून उभी राहिली, कारण बसून तिला ते जमलं नसतं. तिने वेंडेलकडे पाहिलं. पोलिओच्या साथीने सगळं बंद होतं त्या उन्हाळ्यात त्याने तिला त्याच्या वडिलांच्या दुकानातून कारमेल आणून दिलं होतं, ते तिला नेमकं आताच आठवलं.

"वेंडेल," ती म्हणाली, "ही गोळी घाण आहे."

मर्लिसने हात छातीवर ठेवला.

"अतिशय घाण आहे. एकाहत्तर वर्षांत मी इतकं वाईट काही तोंडात घातलेलं नाही, आणि मी सरकारी डब्यातले वाटाणे खाल्लेत. मला ती थुंकायची आहे."

वेंडेलच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. "पुढे बोल," तो बारीक आवाजात म्हणाला.

"आधीच्या दोन्हीही भयंकर होत्या. मी खोटं बोलले."

"मेंढी!" हार्लन एकदम ओरडला. त्याने गोळी रुमालात काढली. "पावसात मेलेली मेंढी! चाळीस वर्षं मी मेंढ्या तपासल्या, माहीत आहे मला! मे महिन्यातली तर दोन दिवस वर येत होती." त्याला आता थांबता येईना. "आणि निघालाच आहे विषय तर मर्लिस, तुझी ती हिरवी जेली, गाजर किसून घातलेली..."

"एकोणीस वर्षं तू ती दोनदा घेतोस!"

"कारण तू बघत असतेस!"

"मग तुझ्या बायकोच्या त्या कोलाचे पावांवर मी लोणी कशाला थापते, विचार ना! गिळता यावेत म्हणून!"

दोन्ही भाऊ म्हणाले, मेंढीच. मग धाकटा भाऊ थोरल्याला म्हणाला, "तुझी कॉफी पण." जन्मात पहिल्यांदाच त्यांचं एकमेकांशी पटलं नव्हतं.

मिस प्रुइटने वर बघितलं. "जेलीची नोंद करायची का?"

"नको!" पाचही जण म्हणाले. तेवढं मात्र एकमताने.

मर्लिसनेही गोळी वाईट म्हटली आणि दाखल्यावर पाचही सह्या झाल्या. बाकीचे भांडत भांडत बाहेर गेले. वेंडेल टोपी हातात घेऊन बसून राहिला. लव्हॉन त्याच्या शेजारी येऊन बसली.

"वेंडेल, तुझी कारमेल..."

"कारमेलचं काही बोलू नकोस," तो डोळे पुसत म्हणाला. "आता बोललीस तरी मला कधी कळायचं नाही, खरं की खोटं." मग थोड्या वेळाने, "थुंकायची आहे म्हणालीस?"

"थुंकलेच. त्या कुंडीत."

तो हसला, पण नीट हसता आलं नाही त्याला. तिने त्याचा हात धरला आणि ग्रंथपाल दिवे बंद करायला येईपर्यंत दोघं तशीच बसून राहिली.

गोळ्यांचं पहिलं पाकीट सप्टेंबरात आलं. लव्हॉनने त्यातली एक एल्डनच्या तोंडात घातली आणि त्याच्या चेहऱ्याचं जे झालं ते पाहून म्हणाली, "थुंकायची नाही." आठवडाभर रोज एक. पाय थोडे सैल पडले, निदान त्याला तसं वाटलं. लव्हॉनने फार आशा धरायची नाही असं ठरवलं होतं.

आठव्या दिवशी ती सिंकपाशी भांडी घासत होती. पाठीमागे एल्डन कुरकुरत होता, की तास उलटून गेला तरी तोंडातली मेंढी जात नाही, घरात काही गोड आहे की नाही. ती म्हणाली, हात ओले आहेत, थांब जरा. तो थांबला नाही. बाटलीचं झाकण टेबलावर पडल्याचा आवाज आला, मग काचेवर चमचा वाजला. तिने वळून पाहिलं. एल्डन आलुबुखाराचा जॅम चमच्याने काढून खात होता, एकामागून एक, थोडा शर्टावर सांडत, घाईघाईने, आणि डोळे सताड उघडे होते.

लव्हॉन पुन्हा सिंककडे वळली आणि घासलेलंच पातेलं पुन्हा घासायला लागली.