वाघबारशीआधीचं तवसं

मधल्या वेळेची भूक पोटाची नसते, जिभेची असते, असं मला बऱ्याच लोकांनी सांगितलं. त्यांच्यापैकी एकानंही कधी पथ्य केलेलं नव्हतं. मी केलं, आणि माझं मत असं आहे की दुपारी चारची भूक ही सगळ्यात खरी भूक. सकाळची पेजेवर भागते, रात्रीची भातावर. चारच्या भुकेला मात्र काहीतरी हातात धरून, चावून, चव घेत खायचं असतं. ते मिळालं नाही की माणूस विनाकारण मुलांवर ओरडतो.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी जव्हारच्या एका शाळेत शिकवत होते आणि बाजाराच्या मागे भाड्याच्या खोलीत एकटी राहत होते. तेव्हा माझ्या आतड्याला सूज आली. रक्ताची आव, सतत कळा, संध्याकाळी कणकण. इकडची तिकडची औषधं घेऊन झाल्यावर नाशिकच्या पोटाच्या डॉक्टरांकडे गेले. आतड्याला आता विश्रांती द्यायची, असं त्यांनी ठरवलं. माझ्या बाकीच्या शरीराचं काय करायचं ते काही त्यांनी सांगितलं नाही. दूध बंद, गहू बंद, डाळी बंद, तेल-तिखट बंद. कच्चं काही नाही, साली-बियांचं काही नाही. नागली, म्हणजे नाचणी, तर मुळीच नाही, तिच्यात कोंडा फार. उरला भात, पेज, दुधी-भोपळ्याची मऊ भाजी आणि थोडा गूळ.

“आणि मधल्या वेळेला?” मी विचारलं.

“काहीतरी हलकं खा,” ते म्हणाले आणि पुढच्या पेशंटला बोलावलं. मी उठता उठता त्यांनी एवढं मात्र सांगितलं, की दिवाळीच्या आधी दाखवायला या. वजन आणखी उतरलं तर दाखल करून घ्यावं लागेल, मग ऑपरेशनचा विचार करू.

हलकं म्हणजे काय याचा शोध मी तो सगळा पावसाळा घेतला. आधी कुरमुरे. नुसते कुरमुरे चावताना आपण जेवत नसून तोंडाला व्यायाम देतोय असं वाटतं. मग साबुदाणा, दाण्याचं कूट आणि तूप वगळून, म्हणजे फक्त डिंक. मग उकडलेला बटाटा मीठ लावून. तो बरा लागला, म्हणून रोज खाल्ला, आणि काही दिवसांनी बटाट्याचं नाव काढलं तरी मळमळायला लागलं. शिंगाड्याच्या पिठाची लापशी एकदा केली, ती भांड्याला चिकटली ती चिकटलीच. आमच्या शाळेत एक वयस्क बाई होत्या, मनानं फार चांगल्या. त्या एस. टी. स्टँडवरून गरम भजी मागवायच्या, पुडा माझ्याच टेबलावर उघडायच्या आणि म्हणायच्या, “तुम्ही नका हं खाऊ, तुम्हाला त्रास होईल.” एकदा मी खाल्ली. दोनच खाल्ली. पुढचा आठवडा कसा गेला ते इथं लिहिण्यासारखं नाही.

आमच्या भागात हे पथ्य कोणाला सांगायची मला लाज वाटायची. समोर बाकावर बसलेल्या मुली घरून न जेवता चालत आलेल्या असायच्या. भुकेनं पोट दुखतं हे त्यांना माहीत होतं. खाल्ल्यानं पोट दुखतं हे त्यांना काय सांगणार? म्हणून मी माझा डबा वर्गात कधी उघडला नाही.

सगळ्यात अवघड होतं ते आईला सांगणं. आमचं घर दाभोशाच्या पुढे, नदीवरच्या एका पाड्यात. तिथं आई, भाऊ आणि भावजय. भात, नागली, वरई, थोडी गुरं, आणि शेती आटोपली की भाऊ मजुरीला बाहेर. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी जीप पकडायची, ती भरेपर्यंत तासभर आत घामाघूम बसायचं, आणि फाट्यावर उतरून चालत घर गाठायचं. नागली बंद झाली हे सांगितलं तेव्हा आई जात्यावरून उठली. नागलीवर वाढलेली तिची मुलगी, आणि नागलीच चालत नाही? मी तिला आतडं, सूज, कोंडा असं सगळं समजावलं. तिनं ऐकून घेतलं आणि माझं मनगट हातात धरलं. तिचं बोट आणि अंगठा एकमेकांना भेटून पुढे गेले.

“घरात खायाला हाये नि खायाचा नाय?” ती म्हणाली. “आसा कवा आयकला नाय मी.”

आईचं माहेर वावर गावाच्या बाजूचं. ज्या वर्षी तिकडे लहान लहान पोरं भुकेनं गेली, त्या वर्षी ती माहेरी होती. तिच्या भावाचा नातू तिच्या मांडीवर गेला. त्याबद्दल ती फारसं बोलायची नाही, पण तेव्हापासून माणूस वाळायला लागलं की त्याचा शेवट काय होतो हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. खायला नाही म्हणून वाळलेली माणसं तिनं पाहिली होती. खायला असून वाळणारी मीच पहिली. त्यामुळे नाशिक, दाखल, ऑपरेशन या शब्दांतलं तिला एवढंच ऐकू आलं, की पोरीला नेणार आणि पोर परत येणार नाही.

मग ती माझ्या पथ्याच्या मागे लागली. काय चालतं ते मला पुन्हा पुन्हा सांगायला लावायची. तांदूळ चालतो? चालतो. गूळ? थोडा. वाफेवरचं? तेच चालतं. भोपळा? साल-बिया काढून, शिजवून. एका शनिवारी, भाद्रपद संपत आला होता, ती चुलीपुढे बसून लाकडं सारत होती. मग म्हणाली, “म सावेली चालंल.”

सावेली म्हणजे तांदळाच्या पिठात तवसं, म्हणजे आमच्याकडची मोठी काकडी, किसून घालायची, गूळ घालायचा, पळसाच्या पानावर थापून वर दुसरं पान ठेवायचं आणि वाफवायचं. ना तेल, ना दूध, ना डाळ. गरम असताना पान सोलून काढलं की वास असा येतो की तोंडाला पाणी सुटतं. नाशिकच्या डॉक्टरांनी माझ्यासाठी मुद्दाम बेत ठरवला असता तरी इतका बरोबर जमला नसता. मी बसल्या जागी हसायला लागले. इतके महिने कुरमुरे चावत होते, आणि हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

ते डोक्यात न येण्याला कारण होतं. आमच्या घरात वाघबारशीच्या आधी तवसं खात नाहीत. वेलाला कितीही लगडली असू देत, आधी वाघोबाला दाखवायचं, मग माणसांनी खायचं. नाहीतर तो गुरं उचलतो. हा नेम आईनं आम्हाला दटावून शिकवला होता. लहानपणी वेलाखालून जातानासुद्धा आम्ही हात मागे बांधून जायचो. आणि वाघबारस दिवाळीच्या तोंडावर. त्याच्या आधीच मला नाशिकला वजन दाखवायचं होतं.

“बाजारातलं तवसं आणते मी,” मी म्हटलं. “ते काही आपल्या वेलाचं नाही.”

“त्याला काय बाजार म्हायीत नाय?” आई म्हणाली. मी तिची थोडी थट्टा केली, वाघोबा जव्हारच्या बाजारात पिशवी घेऊन येतो का म्हणून. ती हसली नाही. विषय तिथंच संपला, असं मला वाटलं. जाताना मी पुन्हा कुरमुऱ्यांची पिशवी घेतली.

पुढच्या शनिवारी पोचले तेव्हा भाऊ आणि भावजय लवकर पिकणारं हळवं भात कापायला खालच्या शेतावर गेले होते. घराचं दार आतून लावलेलं होतं. दिवसा आमच्याकडे दार कोणी लावत नाही. मी हाक मारली, आईनं कडी काढली, मला आत घेतलं आणि परत कडी घातली. चुलीवर टोप होता, आणि तो वास मला दारातच आला.

तिनं पानं सोलून सावेल्या माझ्यापुढे ठेवल्या. तवशाची साल काढलेली, बियासुद्धा वेचून टाकलेल्या. मी तशीच बसून राहिले.

“देवाला दाखवलंस?”

“नाय.”

“मग? दादाला कळलं तर?”

“त्याला कोन सांगल? तू सांगशील?”

“आय, पण तुझा नेम?”

“वाघोबाचा नि माजा काय तो आमचा बोलना झाला हाये,” ती म्हणाली. “तू खा. निवल.”

मी खाल्ल्या. खोटं कशाला सांगू, पहिल्या घासानंतर मला नेमाची आठवणही राहिली नाही. किती महिन्यांनी मी पोट भरून, बोटं चाटून काही खाल्लं होतं. आई समोर बसून बघत होती, स्वतः मात्र तिनं कण तोडला नाही. मी म्हटलं, घे की. ती म्हणाली, तुझ्या पथ्याचं आहे, मी कशाला खाऊ. उरलेल्या तिनं फडक्यात बांधून दिल्या. रविवारी चार वाजता मी त्या जव्हारच्या खोलीत खाल्ल्या आणि माझी मला फार श्रीमंत वाटले. त्यानंतर दर शनिवारी दाराला कडी लागलेली असायची. पोटानंही कुरकुर केली नाही. आश्विनात मी नाशिकला गेले तेव्हा काट्यानं वजन थोडं का होईना, वर दाखवलं. काय खाता म्हणून डॉक्टरांनी विचारलं. मी काकडी आणि तांदूळ म्हटलं. दाखल करून घ्यायची आता गरज नाही, असं ते म्हणाले.

वाघबारशीला मी घरी गेले. भावानं पाड्याबाहेर वाघोबाच्या दगडापाशी तवसं आणि नवा तांदूळ ठेवला, नारळ फोडला. गुरं सगळी गोठ्यात धडधाकट होती. घरी भावजयीनं मोठ्या टोपात सावेल्या केल्या आणि आम्ही पानं मांडून बसलो. आईनं आपल्या पानावर जुन्या तांदळाची भाकर घेतली होती. भावजयीनं तिला सावेली वाढली. आईनं ती उचलून माझ्या पानावर ठेवली.

“आय, तुला?” भावजय म्हणाली.

“माजा आवंदाचा वाटा खाऊन झाला.”

“कवा खाल्लास?” भाऊ हसत म्हणाला. आईनं भाकरीचा तुकडा मोडला.

तेव्हा मला कळलं तिचं देवाशी काय बोलणं झालं होतं. मी खाल्लेलं सगळं तिनं स्वतःच्या वाट्यातून वळतं केलं होतं. वर्षातून एकदा होणारी ही वस्तू, आणि आम्हा सगळ्यांत ती आईलाच जास्त आवडायची. भावासमोर मला काही बोलता येईना. तिनं ठेवलेली सावेली मी उचलली. ती बघत होती, म्हणून सगळी खाल्ली.